पाण्यात साहेब कुठं पळणार

रशिदाबी मला जहाजातून नॉर्वेला घेऊन गेली, पण बर्फ बघायला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गावात अजून सगळ्यांना वाटतं की दोन म्हाताऱ्या हौस म्हणून थंडी खायला गेल्या होत्या. हौस माझी होती. ती कामाला गेली होती.

देऊळगाव राजापासून आठ-नऊ किलोमीटरवर आमचं गाव. मी तिथल्या जिल्हा परिषद शाळेत बदलून आले आणि निवृत्त होऊन तिथंच राहिले. गावाच्या चहूबाजूंनी हिरव्या जाळीचे शेडनेट आहेत आणि त्यात टोमॅटोचं बियाणं तयार होतं. हे बियाणं म्हणजे पेरलं आणि आलं, असं नसतं. कळी उमलायच्या आदल्या दिवशी ती चिमट्यानं उघडायची, आतला पिवळा नर अलगद काढून टाकायचा, मधली केसाएवढी काडी मोडू द्यायची नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात ते अकरा त्या काडीवर दुसऱ्या जातीच्या झाडाचा पराग लावायचा. एकेका बाईच्या हाताखालून दिवसाला शेकडो कळ्या जातात. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. हे काम बायकाच करतात, आणि आमच्या गावातल्या चाळीस बायकांची मुकादम होती रशिदाबी.

बुटकी, रुंद, डोक्यावर पदर घट्ट खोवलेला, आणि आवाज असा की चौथ्या शेडनेटमधली बाईसुद्धा दचकावी. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. मी गावात आले त्या दिवशी ती शाळेच्या फाटकाशी उभी होती. नाव-गाव काही विचारलं नाही. म्हणाली, "हात दाखव वं."

मी दाखवला. तिनं तो उलटा केला, सुलटा केला, अंगठा दाबून पाहिला.

"खडूचा हात हाय तुझा. कळी मोडशीन तू. शाळाच चालव."

त्या दिवसापासून ती मला 'बाई' आणि 'तू' म्हणायची आणि मी तिला 'आपा' आणि 'तुम्ही'. पस्तीस वर्षांत त्यात बदल झाला नाही.

माणसाची पारख ती हातावरूनच करायची. नवीन डॉक्टर आला की आधी त्याचा हात बघायची, मग नाडी त्याच्या हवाली करायची. तिच्या मुलीसाठी स्थळ आलं तेव्हा घरच्यांनी मुलाची नोकरी, शेती, खानदान सगळं विचारून घेतलं. रशिदाबीनं त्याच्यापुढं उकडलेलं अंडं ठेवलं. पोरगं बिचारं गोंधळलं, पण त्यानं ते सोललं, पांढऱ्याला एक खाच न पाडता. "झालं, द्या पोरगी," असं ती तिथल्या तिथं बोलून गेली आणि पाहुण्यांना हसावं की रागवावं ते कळेना. तो जावई आज जालन्याला घड्याळं दुरुस्त करतो आणि संसार उत्तम चालला आहे, त्यामुळं तिला कोणी काही बोलू शकत नाही.

तिचं एक पालुपद होतं, "चाल, पुढची ओळ." झाडांच्या एका ओळीचं क्रॉसिंग संपलं की ती असं ओरडायची, आणि मग ते तिच्या तोंडात कशालाही बसलं. माझे यजमान गेले तेव्हा ती तीन दिवस माझ्याजवळ बसून होती. डाळ-भात आणायची, मी जेवले की भांडी घेऊन जायची. चौथ्या दिवशी सकाळी तिनं माझी पर्स आणि छत्री आणून दारात ठेवली. "शाळेत जा. चाल, पुढची ओळ." मला राग आला होता, हे कबूल करते. शाळेत पोरांचा गलका ऐकला आणि राग गेला.

आता जहाजाचं सांगते.

बियाणं कंपनीत जातं आणि तिथं ते शुद्ध आहे की नाही, हे तपासतात. काम करताना कोणी घाई केली, नर न काढताच पराग लावला, तर बियाण्यात भेसळ निघते आणि सगळा माल नापास होतो. रशिदाबीच्या बायकांचा माल तीन वर्षं ओळीनं सगळ्यांत शुद्ध निघाला. कंपन्या आपल्या विक्रेत्यांना आणि मुकादमांना असं काही जिंकल्यावर परदेशी फिरायला नेतात. बहुतेक बँकॉक, नाहीतर दुबई. या वेळी जहाजातून नॉर्वे होतं, मार्च महिन्यात, एका बक्षिसावर दोन माणसं.

ही खुशखबर कंपनीच्या माणसानं गावात येऊन सकाळी सांगितली. दुपारी, चहा झाल्यावर, त्यानं दुसरी गोष्ट सांगितली. पुढच्या हंगामापासून पंचेचाळीसच्या वरच्या बायका क्रॉसिंगला चालणार नाहीत. वय झालं की नजर आणि हात साथ देत नाहीत, असं वरच्यांचं म्हणणं.

चाळीसपैकी सव्वीस बायका, रशिदाबी धरून, पंचेचाळीसच्या वरच्या होत्या. त्यातल्या कितीतरी विधवा, कितीतरी अशा की घरातलं दळण, औषध, नातवाची वही सगळं त्यांच्या चिमट्यावर चालायचं. त्यांना दुसरं काम कोण देणार? उन्हातल्या खुरपणीला त्यांचे गुडघे तयार नव्हते. रशिदाबी कंपनीच्या जालन्याच्या ऑफिसात तीनदा जाऊन आली. तिन्ही वेळा मोठे साहेब मीटिंगमध्ये होते. तिसऱ्या वेळी तर काचेतून ते तिला वडा खाताना दिसले.

त्या संध्याकाळी ती माझ्या ओट्यावर येऊन बसली.

"बाई, त्या जहाजावर मोठे साहेब येऊन राह्यले म्हंते."

"येणार असतील. कंपनीचीच सहल आहे."

"किती दिवस?"

"सात दिवस लिहिलंय."

"अन् चारी बाजूनं पाणी?"

"समुद्रच आहे आपा, पाणीच असणार."

ती मांडीवर थाप मारून उठली. "मंग मी जाते. पाण्यात साहेब कुठं पळन? अन् तू संग चाल. आमच्या मियाँले बर्फाच्या नुसत्या नावानं शिंका येते. तुले लिवता येते, साहेबाले लिवलेलं लागते."

मी सव्वीस जणींची यादी एका वहीत लिहून घेतली: नाव, वय, किती हंगाम काम केलं, माल कधी नापास झाला का. शेवटच्या रकान्यात सव्वीस वेळा 'नाही' लिहिलं.

व्हिसासाठी मुंबईला बोटांचे ठसे द्यायला गेलो. टोमॅटोच्या झाडाचा काळपट हिरवा रंग हाताला बसतो, आणि वर्षानुवर्षं बसला की जात नाही. चिमटा धरून तिच्या बोटांच्या रेषाही झिजल्या होत्या. यंत्र ठसे घेईना. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, हात साबणानं स्वच्छ धुऊन या ना."

"बेटा," रशिदाबी म्हणाली, "हे धुवाले बसली तं तिकडचा बर्फ वितळून जाईन." तिथले सगळे हसले. सहाव्या वेळी ठसे उमटले.

जहाज मोठं होतं, आमच्या तालुक्याच्या बाजारपेठेला झाकून टाकेल एवढं. पहिल्या दिवशी मी खिडकीला नाक लावून बसले. दोन्ही बाजूंना काळे डोंगर, त्यांच्यावर बर्फ, मधून आम्ही चाललेलो. रशिदाबीनं तोवर न्हाणीघरात दोघींचे कपडे धुऊन बाल्कनीत वाळत घातले होते. अर्ध्या तासानं थंडीसाठी घेतलेली तिची सलवार आत आणली ती पापडासारखी कडक. तिनं ती भिंतीला टेकवून उभी केली. ती उभी राहिली. आम्ही दोघी पलंगावर पडून पोट धरून हसलो.

पण तिला खरं आवडलं ते डेकवर जायचं दार. तिथं एक नाही, दोन दारं होती, मध्ये चार माणसं मावतील एवढी काचेची खोली. थंड वारा आत घुसू नये म्हणून. आमच्या शेडनेटला अशीच दोन दारं असतात, किडा आत शिरू नये म्हणून. पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, असा नियम. रशिदाबीनं ते पाहिलं आणि तिला जणू माहेर भेटलं. गोरे प्रवासी दोन्ही दारं एकदम उघडी टाकून जायचे ते तिला सहन होईना.

"थांबा! पयलं दार लागू द्या!"

तिचा आवाज ऐकून सहा फुटी माणसं जागच्या जागी थांबायची. भाषा कळत नव्हती, पण हुकूम कळत होता. दुसऱ्या दिवशी तर काही जण तिच्याकडं बघून, आपणहून दार लावून, मान डोलवून पुढं जायला लागले. जहाजावरच्या एका कर्मचाऱ्यानं मला इंग्रजीत विचारलं, या बाई कुठल्या विभागाच्या? मी म्हटलं, बुलढाणा जिल्ह्याच्या.

इकडं साहेब मात्र हाती लागत नव्हते. जेवणाच्या दालनात आम्ही दिसलो की ते टेबल बदलायचे. पहिल्या दिवशी म्हणाले, "अहो, आधी फिरा, मजा करा." तिसऱ्या दिवशी म्हणाले, "गावी गेल्यावर निवांत बोलू." चौथ्या दिवशी नुसतं दुरूनच हात जोडले. माझा धीर सुटत चालला होता. रशिदाबी उकडलेल्या बटाट्याला घरून आणलेला ठेचा लावून शांतपणे जेवत होती.

"तीन दिवस राह्यले अजून. तू काऊन घाबरते?"

चौकशी करून तिनं हुडकून काढलं की साहेबांना फोटोंचा नाद आहे आणि सकाळी सात वाजता, बाकी सगळे झोपलेले असताना, ते कॅमेरा घेऊन डेकवर जातात. पाचव्या दिवशी साडेसहाला आम्ही डेकवर उभ्या होतो. मी दोन स्वेटर, कोट, कानटोपी, हातमोजे घालूनही पाच मिनिटांत आत पळाले आणि काचेतून बघत राहिले. ती तिथंच राहिली. हातमोजे तिनं काढून खिशात घातले होते. उघडे हात कठड्यावर ठेवून ती अर्धा तास त्या वाऱ्यात उभी होती.

साहेब आले. त्यांनी फोटो काढले, तिच्याकडं पाठ करून. थंडी सोसेना तेव्हा ते दाराकडं वळले आणि काचेच्या त्या खोलीत शिरले. त्यांच्या मागोमाग रशिदाबी शिरली. साहेबांनी आतल्या दाराला हात घातला.

"थांबा साहेब. पयलं दार लागू द्या."

ते थांबले. सगळ्या जहाजाला लागलेली सवय त्यांनाही लागली होती. बाहेरचं दार हळूहळू लागेपर्यंत ती आतल्या दारासमोर येऊन उभी होती. काचेपलीकडं मी वही धरून. साहेबांच्या लक्षात आलं आणि ते हसले. त्या हसण्यामुळं माझं त्यांच्याबद्दलचं मत जरा सुधारलं.

"बोला रशिदाबी."

"सव्वीस बायका हाय साहेब. एकीचाबी माल नापास नाई. बाईनं लिवून आणलं. मंग त्याईले घरी काऊन बसवता?"

"हे बघा, तुमचं काम चांगलंच आहे. पण वय झालं की हात कापतो, नजर कमी होते. कंपनीनं सगळीकडच्यासाठी नियम केलाय. मी एकट्या गावासाठी कसा बदलू?"

"वय तुमी कागदावर पायलं. हात पायला काय?"

तिनं आतलं दार उघडलं. ती म्हणाली, "चाला, दाखवते."

नाश्त्याच्या दालनात टेबलाटेबलावर फुलझाडाच्या छोट्या कुंड्या होत्या. जांभळी फुलं, नाव मला माहीत नाही. साहेबांच्या पत्नी तिथं आधीच बसल्या होत्या, डेककडच्या खिडकीशी. रशिदाबीनं पिशवीतून चिमटा काढला, 'बिस्मिल्ला' म्हणाली आणि एक न उमललेली कळी डाव्या हाताच्या दोन बोटांत धरली. तिची बोटं थंडीनं निळी पडली होती. चिमटा आत गेला, बाहेर आला, पुन्हा गेला. बशीत एकेक करून सगळे नर पडले. तिनं कुंडी साहेबांपुढं सरकवली. मधली काडी सरळ उभी होती, शाबूत.

साहेबांच्या पत्नीनं चष्मा लावून ती बघितली, आणि मग नवऱ्याकडं बघितलं. "अर्धा तास बाहेर उभी होती ना ती? तुमच्याच्यानं कपबशी धरवत नाहीये अजून." खरंच, साहेबांचा चहा बशीत हिंदकळत होता.

साहेबांनी कप खाली ठेवला. "बरं. मग तुमचं म्हणणं काय? कोणालाही ठेवायचं?"

"नाई! कोणालेबी नाई," रशिदाबी म्हणाली. "परीक्षा घ्या. हंगामाच्या पयल्या दिवशी तुमी स्वतः या. दहा-दहा कळ्या. दोनापरीस जास्ती मोडल्या तं घरी. मंग ती वीसची असो का साठची."

मी ते जेवणाच्या यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. साहेबांनी वाचलं आणि सही केली.

मग कुठं तिनं बर्फाकडं पाहिलं. उरलेले दोन दिवस ती माझ्याबरोबर डेकवर बसली, माझी शाल आणि तिची शाल दोघींवर मिळून घेऊन. एकदा बराच वेळ बघून म्हणाली, "सारंच पांढरं. एक फूल नाई कुठं. इथल्या बायका करतात काय दिवसभर?" मी तिला सांगितलं की मी आयुष्यात इतकी आनंदी क्वचितच झाले असेन. तिनं मला शाल नीट पांघरली आणि म्हणाली, "कानटोपी खाली ओढ."

साहेब शब्दाला जागले. सप्टेंबरमध्ये, पहिल्या कळ्या धरल्या त्या दिवशी, ते गाडी घेऊन गावात आले. शेडनेटमध्ये चाळीस बायका ओळीनं उभ्या होत्या. म्हाताऱ्यांनी नवी लुगडी नेसली होती, लग्नाला जावं तशी. प्रत्येकीनं दहा कळ्या केल्या, साहेब भिंगातून बघत गेले आणि मी नावापुढं खूण करत गेले. पोरींमधल्या दोघी नापास झाल्या, घाईमुळं. म्हाताऱ्यांमधली एकेक पास होत गेली. पंचविसाव्या बाईचं नाव वाचलं तेव्हा शेडनेटमध्ये टाळ्या वाजल्या.

सव्विसावी रशिदाबी. तिनं दहा कळ्या केल्या. साहेब भिंग घेऊन पुढं होणार, तोच तिनं हात आडवा केला.

"पाहू नका साहेब. तीन मोडल्या. रशिदाबी नापास."

साहेब गडबडून म्हणाले, "अहो, तुमची गोष्ट वेगळी आहे. तुम्ही मुकादम. एखादी कळी इकडं-तिकडं..."

"साहेब, जहाजावर मी वयासाठी भांडली नाई, हातासाठी भांडली. हात गेला तं गेला. लिव बाई."

माझ्याच्यानं लिहवेना. तेव्हा तिनं माझ्या हातातून पेन घेतलं आणि आपल्या नावापुढं फुली मारली. तेवढं तिला येत होतं. मग कमरेचा चिमटा सोडून तिनं तो नापास पोरींतल्या धाकटीच्या हातात दिला आणि सांगितलं, "महिनाभर घरच्या झाडावर हात बसव. मंग ये."

आम्ही दोघी बाहेर पडलो. बांधावर लिंबाच्या सावलीत बसलो. मी म्हटलं, "आपा, जहाजावर तर तुम्ही किती सफाईनं केलं होतं. निळ्या पडलेल्या बोटांनी."

"जहाजावरची कळी केवढी होती, पायलं नाई काय वं? बोराएवढी. ती तूबी केली असती." ती हसली. "मले मागच्या हंगामापासून म्हायीत होतं. अंगठा दबत नाई बरोबर."

म्हणजे आपण नापास होणार हे ठाऊक असताना तिनं ती अट स्वतःच्या तोंडानं सांगितली होती. यादीत तिचं नाव होतं, तरी सव्वीस जणींसाठी भांडताना तिनं आपल्याला त्यात कधी धरलंच नव्हतं. मी तिचा हात हातात घेतला. पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच तिनं माझा हात न बघता आपला नुसता धरू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता माझ्या दाराची कडी वाजली. रशिदाबी दारात उभी, पदर नेहमीसारखा घट्ट खोवलेला, हात मोकळे. पलीकडं शेडनेटमधून पराग लावणाऱ्या बायकांचा आवाज येत होता. ती आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसली, घड्याळाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"बाई, यावेळी लोक काय करतात वं?"

"चहा पितात, आपा."

"अकरापावतर?"

मी चहा ठेवायला उठले.